मोलची उदाहरणे सोडवताना

मोल ही संकल्पना नववीत पाठ होते आणि अकरावीत अडते. याचे कारण बहुधा अवघड गणित नसते. कणांची संख्या आणि पदार्थाचे वस्तुमान यांची मनात झालेली सरमिसळ हे असते. रासायनिक अभिक्रिया कणांच्या संख्येच्या प्रमाणात घडते, प्रयोगशाळेतला तराजू मात्र केवळ ग्रॅम दाखवतो. वाणी तीळ मोजून देत नाही, तोलून देतो. पण एका तिळाचे वजन ठाऊक असेल तर तोललेल्या तिळांची संख्याही सांगता येते, आणि मोलचे काम नेमके हेच आहे.

एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. पूर्वी ही व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवर आधारलेली होती; २० मे २०१९ पासून ही संख्याच निश्चित करून दिलेली आहे. उदाहरणे सोडवताना तिचा थेट उपयोग फारसा होत नाही. उपयोगी पडते ती गोष्ट अशी, की पदार्थाच्या रेणुवस्तुमानाचा आकडा ग्रॅममध्ये घेतला की त्या पदार्थाचा एक मोल होतो. मात्र कण कोणता, हे आधी ठरवावे. ऑक्सिजनच्या अणूंचा मोल १६ ग्रॅमचा, तर रेणूंचा ३२ ग्रॅमचा असतो. प्रश्नात ‘ऑक्सिजन वायू’ म्हटले असेल तर रेणूच घ्यावेत.

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तापवून त्याचे पूर्ण विघटन केल्यास किती कार्बन डायऑक्साइड मिळेल? प्रथम रेणुवस्तुमान काढावे: सोडियमचे २३, हायड्रोजनचा १, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे ४८, एकूण ८४. दिलेल्या ८.४ ग्रॅमला ८४ ने भागले की ०.१ मोल मिळतात. संतुलित समीकरणानुसार सोड्याच्या दोन मोलपासून सोडियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांचा प्रत्येकी एक मोल तयार होतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड ०.०५ मोल, आणि त्याच्या ४४ या रेणुवस्तुमानाने गुणल्यावर २.२ ग्रॅम.

गुण जातात ते या दोनास एक प्रमाणापाशी. अनेक विद्यार्थी ते थेट ग्रॅमला लावतात आणि ८.४ चे निम्मे, म्हणजे ४.२ ग्रॅम, असे उत्तर लिहून मोकळे होतात. समीकरणातले सहगुणक मोलचे प्रमाण सांगतात, ग्रॅमचे कधीच नाही. शंका असल्यास उरलेली उत्पादितेही काढून पाहावीत: सोडियम कार्बोनेट ०.०५ गुणिले १०६, म्हणजे ५.३ ग्रॅम, आणि पाणी ०.९ ग्रॅम. तिन्हींची बेरीज बरोबर ८.४ ग्रॅम येते. द्रव्य अक्षय्यतेचा नियम असा फुकटचा पडताळा देत असताना तो न करणे हा निव्वळ आळस होय.

प्रश्नात वायूचे आकारमान विचारले असेल, तर २२.४ लीटर हा आकडा ०° सेल्सिअस तापमान आणि एक ॲटमॉस्फिअर दाब दिलेला असेल तरच वापरावा. त्या स्थितीत वरील वायू १.१२ लीटर भरेल. दाब तोच ठेवून तापमान २५° सेल्सिअस दिले असेल, तर एका मोलचे आकारमान सुमारे २४.५ लीटर धरावे लागते आणि उत्तर १.२२ लीटरच्या आसपास येते.