वायरलाइनवर नवीन जाताय? विहिरीआधी लुब्रिकेटर समजून घ्या

नागपुरात तेलाची विहीर नाही, पण इथली आयटीआय-डिप्लोमावाली, एलआयटीवाली (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटची) पोट्टी वायरलाइन क्रूमध्ये, म्हणजे तारेवरून तेलविहिरीत टूल सोडणाऱ्या टोळीत, लागतात, मेहसाणा, राजमुंद्री, आसाम नाहीतर थेट मुंबई हाय, आणि निघायच्या आदल्या दिवशी विचारतात भाऊ तिकडं नेमकं काय सांभाळायचं. ज्यांनी कोळशाच्या बोअरहोलमध्ये लॉगिंग (टूल सोडून खडकाची मोजणी) केलंय त्यांनी तर हे नीट वाचा, कारण तिथं टूल सोडलं, वर ओढलं, झालं काम. चालू तेलविहिरीत खाली प्रेशर असतं, आणि माणसं जखमी होतात ती बहुतेक वर, ट्रीपाशी (विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हांचा संच), काहीतरी उघडताना.

परमिट, टूलबॉक्स टॉक, हेल्मेट, गॅस डिटेक्टर हे सगळं साइटवर सांगतीलच. टूलबॉक्स टॉकमध्ये फक्त सही करून मोकळे होऊ नका, आजचं वेलहेड प्रेशर, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी असलेलं, किती आणि एच-टू-एस (विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू) आहे का हे दोन प्रश्न विचाराच. एच-टू-एस हवेपेक्षा जड असतो, सेलरमध्ये (विहिरीच्या तोंडाभोवतीचा खड्डा) साचतो, 100 पीपीएमला जिवावर बेततं आणि तेवढ्यात नाकाला वास यायचाही बंद होतो, म्हणून वासावर भरवसा नाही. विंड सॉक बघा, वाऱ्याकडं पाठ करून पळायचं नाही, आडवं निघून मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला जायचं.

आता लुब्रिकेटर, म्हणजे प्रेशर असलेल्या विहिरीत टूल आत-बाहेर करायची वरची बंद नळी. ट्रीच्या वर वायरलाइनचा बीओपी (तारेभोवती विहीर बंद करणारा व्हॉल्व्ह), त्यावर लुब्रिकेटरचे पाइप, टोकाला तारेभोवतीचं सील, स्लिकलाइन (एकेरी गुळगुळीत तार) असेल तर स्टफिंग बॉक्स, पीळदार केबल असेल तर ग्रीस हेड. लुब्रिकेटर टूलपेक्षा लांब पाहिजे, आणि खालून काही उपसून आणणार असाल तर त्याचीही लांबी धरा, नाहीतर टूल वर आलं तरी खालचा व्हॉल्व्ह बंदच होणार नाही. जोडताना प्रत्येक ओ-रिंग बोटानं फिरवून बघायची, चीर दिसली की फेकायची, पाच रुपयांची रिंग वाचवत बसू नका. मग पाणी किंवा ग्लायकॉल भरून, आतली हवा काढून टेस्ट, प्रोग्राममध्ये लिहिलंय तेवढ्या प्रेशरला, आणि टेस्ट चालू असताना कोणी जवळ जाऊन हातानं गळती चाचपायची नाही.

स्वॅब व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रीचा सगळ्यात वरचा, उघडायचा तो एकदम हळू, आधी आवाज येईल इतकाच, आणि गेजवर दोन्हीकडचं प्रेशर सारखं होईपर्यंत थांबायचं. झटक्यात उघडला तर प्रेशर टूलला खालून उचलून वर स्टफिंग बॉक्सवर आपटतं, तार सॉकेटमधून (जिथं ती टूलला बांधलेली असते) तुटते आणि टूल थेट विहिरीत. उघडताना किती फेरे लागले ते मोजा आणि लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. बंद करताना तेवढेच फेरे भरले तरच व्हॉल्व्ह बंद समजायचा, दोन-चार कमी पडले म्हणजे बहुतेक टूल मध्येच अडकलंय, अशा वेळी जोर लावला की तार कापली जाते.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे क्विक युनियन, लुब्रिकेटर जोडायचा फिरता जोड. काम झालं, ब्लीड केलं (आतलं प्रेशर सोडलं), गेज शून्य दाखवतंय, आणि तरी युनियन हातानं फिरत नाही. इथं हातोडा घ्यायचा नाही म्हणजे नाहीच! ही युनियन हातानं सुटायलाच बनवलीय, सुटत नसेल तर आत प्रेशर अडकलेलं धरायचं, ब्लीड करायचा बारीक नीडल व्हॉल्व्ह हायड्रेटनं (वायू-पाण्याचा बर्फासारखा थर) किंवा मळानं बुजला असू शकतो आणि गेज खोटं बोलत असू शकतं. दुसरीकडून ब्लीड करा, सुपरवायझरला बोलवा, जेवण थंड झालं तरी चालेल.

तारेचं म्हणाल तर 0.108 इंची स्लिकलाइन, म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिमीटर, टनाच्या आसपास भार घेते. 3000 पीएसआयला हीच तार विहीर 12 किलोच्या आसपास जोरानं बाहेर ढकलते, स्टेमचं, म्हणजे टूलबरोबरच्या वजनी दांड्याचं, वजन त्याहून जास्त का लागतं ते यावरून कळेल. ताणलेली तार तुटली की संक्रांतीतला नायलॉन मांजा बरा म्हणायची वेळ येते. म्हणून युनिट आणि ट्रीच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही, हे-पुलीच्या (ट्रीच्या पायाशी तार वळवणारी पुली) आतल्या कोनात तर मुळीच नाही, तारेवरून पाय टाकून जायचं नाही. जागा टेपनं घेरा आणि कंपनीच्या साहेबालाही बाहेर काढा. वर येताना ट्रीच्या बरंच आधी स्पीड कमी करायचा, काउंटर चुकतो, तारेवर केलेली खूण चुकत नाही.

परफोरेशनची, म्हणजे तेल आत यावं म्हणून विहिरीच्या पाइपला गननं भोकं पाडायची, गोष्ट वेगळी, कारण त्या गनमध्ये स्फोटकं असतात. त्याचं लायसन्स ज्या पेसोकडून (केंद्राची स्फोटक सुरक्षा संस्था) येतं त्यांचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, त्यामुळे नागपूरच्या पोट्ट्यानं तरी ते कागद हलक्यात घेऊ नये. डेटोनेटर आणि चार्ज वेगळ्या पेट्यांत. गन आर्म करताना (डेटोनेटर जोडताना) मोबाइल, वॉकीटॉकी, वेल्डिंग बंद, युनिटची किल्ली काढून गन जोडणाऱ्याच्या खिशात, स्ट्रे व्होल्टेज (भरकटलेली वीज) तपासलेलं, आकाशात वीज चमकत असेल तर काम थांबलेलं. पॉवर द्यायची ती गन साधारण 60 मीटर खाली गेल्यावरच, आणि परत येतानाही 60 मीटरला बंद. फायर झाली नाही वाटलं तरी वर येणारी गन जिवंतच धरायची. लॉगिंगच्या रेडिओॲक्टिव्ह सोर्सला हात लावायचा नाही, लांब दांड्याचं हत्यार असतं त्यासाठी, टीएलडी बॅज (रेडिएशन मोजणारा बिल्ला) घालून आणि झटपट.

निघायच्या आधी एक काम हमखास विसरतं. काम चालू असताना हायड्रॉलिक मास्टर व्हॉल्व्ह (ट्रीचा आपोआप बंद होणारा मुख्य व्हॉल्व्ह) मध्येच बंद होऊन तार कापू नये म्हणून त्याला फ्युजिबल कॅप (आगीत वितळणारी टोपी) लावून उघडा धरलेला असतो. ती कॅप काढा, व्हॉल्व्ह परत ईएसडीवर (आपत्कालीन बंद यंत्रणा) घेतलाय हे प्रॉडक्शनच्या माणसाला दाखवा, ट्री कॅप बसवून टेस्ट करा आणि व्हॉल्व्हची स्थिती फेऱ्यांसकट हँडओव्हरमध्ये लिहून त्याची सही घ्या.