एस्प्रेसोसाठी घरचा ग्राइंडर कसा पारखावा

एस्प्रेसोसाठी ग्राइंडर बघताना पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, "हा पुरेसा बारीक दळतो का?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. बारीक तर पुष्कळ ग्राइंडर दळतात. एस्प्रेसोला त्यापुढच्या दोन गोष्टी लागतात. एक, हव्या त्या जाडीच्या आसपास केसभर इकडेतिकडे सरकता यायला हवं. दोन, आज सापडलेली जाडी उद्या तशीच मिळायला हवी. या गोष्टी दुकानातल्या माहितीपत्रकात सापडत नाहीत आणि भुकटी चिमटीत चोळूनही कळत नाहीत. वजनकाटा, घड्याळ आणि जीभ या तिघांची साक्ष काढावी लागते.

फ्रेंच प्रेसमध्ये पाणी किती वेळ ठेवायचं हे आपण ठरवतो. एस्प्रेसोत ते कॉफीचा थर ठरवतो. मशीन साधारण ९ बार दाबाने पाणी ढकलतं आणि त्याला अडवायला बास्केटमध्ये, म्हणजे कॉफी भरायच्या छिद्रांच्या गाळणीत, दाबून बसवलेली भुकटी सोडली तर दुसरं काही नसतं. ढोबळमानाने अशा थरातून पाणी जाण्याचा वेग कणांच्या आकाराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणजे कण १० टक्क्यांनी बारीक झाले, तर धार जवळपास २० टक्क्यांनी मंदावते. म्हणून इतर पद्धतींत खपून जाणारा ग्राइंडर इथे उघडा पडतो. पात्यांनी नुसता चुरा करणारे ग्राइंडर तर या परीक्षेला बसवूच नका. त्यांत जाडी ठरवायची सोयच नसते.

आधी बाकी सगळं स्थिर करा

पारख ग्राइंडरची करायची आहे, म्हणून बदलणारी गोष्ट तेवढी एकच हवी. बिया एकाच पिशवीतल्या घ्या, भाजून एक ते तीन आठवडे झालेल्या. अगदी ताज्या बियांमधला वायू धारेत गोंधळ घालतो आणि फार जुन्या बिया कितीही बारीक दळल्या तरी पाणी भसाभस जाऊ देतात. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा हवाच. मशीन बास्केट आणि पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा मुठीचा भाग) यांच्यासकट पूर्ण तापू द्या.

बास्केट नीट तपासून घ्या. तळाला एकच बारीक छिद्र असलेली दुहेरी भिंतीची बास्केट असेल तर ही सगळी मेहनत वाया जाईल. तिच्यात दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, त्यामुळे वाईट दळणालाही जाड फेस येतो आणि ग्राइंडरचा दोष झाकला जातो. तळभर छिद्रं असलेली साधी, एकेरी भिंतीची बास्केट घ्या. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर मिळाला तर उत्तमच, कारण धार कुठून फुटते ते दिसतं.

माप ठरवून टाका: १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम, वेळ २५ ते ३० सेकंद. चांगल्या एस्प्रेसोचा हा एकमेव मार्ग नाही, पण तुलनेसाठी खुंटी म्हणून छान चालतो. तुमची बास्केट १४ ग्रॅमची असेल तर तेवढी कॉफी घ्या आणि कपात दुप्पट वजन काढा.

ग्राइंडर नवा असेल तर पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका. कारखान्यातला कचरा निघून जावा म्हणून थोड्या बिया दळून ती भुकटी टाकून द्या. शिवाय नव्या बरच्या (दळणाऱ्या दातेरी भागांच्या) धारा पहिल्या काही किलोंमध्ये हळूहळू बसतात आणि तोवर दळण थोडं बदलत राहतं.

वीज लावण्याआधी

बर म्हणजे दळणाऱ्या दोन दातेरी चकत्या किंवा शंकू. जात्याच्या दोन दगडांसारखंच त्यांचं सगळं काम मधल्या फटीवर चालतं. ती फट किती बारीक टप्प्यांनी बदलता येते ते आधी बघा. काही ग्राइंडरमध्ये खटके असतात, काहींत कॉलर, म्हणजे फट बदलायची फिरती कडी, हवी तिथे थांबते. खटके असतील तर थोडा हिशेब करा. समजा कॉलरच्या पूर्ण फेरीत बर १.५ मिलिमीटर सरकतो आणि त्या फेरीत ६० खटके आहेत. मग एका खटक्याला २५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) पडतात. खटके १०० असतील तर १५. शंकूच्या आकाराच्या बरमध्ये पृष्ठभाग तिरका असल्यामुळे खरी फट याहून कमी बदलते, पण अंदाज यायला हे पुरे. १५ मायक्रॉन किंवा कमी असेल तर मी निश्चिंत होतो. २५ ते ३० असेल तर पुढच्या परीक्षेत तो ग्राइंडर अडखळण्याची शक्यता धरून चालतो.

आता बर हाताने हलवून बघा. वरचा बर किंवा हातग्राइंडरचा दांडा बाजूला लचकतो का? लचकत असेल तर दळताना फट एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला लहान होते आणि भुकटीत भरड आणि पीठ एकत्र येतात. चपटे बर असतील आणि कंपनी उघडायला मनाई करत नसेल, तर आणखी एक जुनी युक्ती आहे. प्लग काढा, बरच्या बाहेरच्या सपाट कडेवर पुसता येणाऱ्या मार्करची रेघ फिरवा, बर जेमतेम टेकतील इतके जवळ आणा आणि हाताने फिरवा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली तर बर समांतर आहेत. एकाच बाजूची गेली तर तिरपे बसले आहेत.

शून्य कुठे आहे तेही शोधून ठेवा, म्हणजे बर एकमेकांना टेकतात ती जागा. हातग्राइंडरमध्ये दांडा मोकळा फिरायचा थांबतो. विजेच्या ग्राइंडरमध्ये हलकी किणकिण ऐकू येते, ती आली की लगेच मागे या. पुस्तिकेत रिकामा ग्राइंडर असा फिरवायला मनाई असेल तर हे करू नका.

मशीन अडवून दाखवता येतं का?

इथून खरी पारख सुरू होते. एकेक शॉट (एका वेळचा एस्प्रेसो) काढत दळण बारीक करत जा, धार थांबून थेंब थेंब पडायला लागेपर्यंत. जाडी बदलली की आत अडकलेली आधीची भुकटी बाहेर काढण्यासाठी थोडी कॉफी दळून टाकून द्यायला विसरू नका, नाहीतर जुनी आणि नवी जाडी एकत्र मोजली जाईल. ग्राइंडरने मशीन अडवलं आणि तरीही त्याच्याकडे आणखी बारीक जायला जागा उरली, तर तो इथे उत्तीर्ण. सगळ्यात बारीक टोकाला जाऊनही १८ ग्रॅममधून ३६ ग्रॅम १५ सेकंदांत येत असतील, तर तो एस्प्रेसोचा ग्राइंडर नाही. काही ग्राइंडरमध्ये चकतीखाली पातळ वॉशर घालून शून्य सरकवता येतं. ती सोय आहे का बघा, नसेल तर पुढे वेळ घालवू नका.

जी भाजणी तुम्ही पिता तिच्यावरच हे करा. हलक्या भाजणीच्या बिया कडक आणि घट्ट असतात, त्यांना सहसा जास्त बारीक दळण लागतं आणि लहान मोटर त्यांच्यावर अडखळते. गडद भाजणीवर सहज पास झालेला ग्राइंडर हलक्या भाजणीवर दमलेला मी पाहिला आहे.

एका टप्प्याने किती सेकंद सरकतात

मला ही सगळ्यात महत्त्वाची परीक्षा वाटते आणि बहुतेक जण तीच गाळतात. २५ ते ३० सेकंदांची जागा सापडली की तिथून एक टप्पा बारीक करा, शॉट घ्या, वेळ लिहा. मग मूळ जागेच्या एक टप्पा भरड बाजूला जा आणि तसंच करा. एका टप्प्याने वेळ २ ते ४ सेकंदांनी बदलत असेल तर हा ग्राइंडर तुम्हाला चवीचा माग काढू देईल. एका टप्प्यावर २१ सेकंद आणि शेजारच्यावर ३४ सेकंद येत असतील, तर हवा असलेला शॉट त्या दोघांच्या मधे राहतो आणि तिथे उभं राहायला जागाच नसते. मग रोज डोस, म्हणजे बास्केटमधली कॉफी, अर्धा ग्रॅम कमी-जास्त करून तडजोड करावी लागते. ती चालते, पण दर नव्या पिशवीबरोबर नव्याने करावी लागते.

खटके नसलेल्या ग्राइंडरमध्ये उलटी भीती असते. कॉलर दळतादळता आपोआप सरकू नये. तिच्यावर आणि शेजारच्या भागावर मिळून पेन्सिलीची एक रेघ ओढा आणि काही दिवसांनी ती जुळते का ते बघा.

तीच जागा, तोच वेळ

आता कशालाही हात न लावता ओळीने चार-पाच शॉट काढा. पहिला धरू नका, बाकीच्यांचे वेळ लिहा. सगळे ३ सेकंदांच्या आत असतील तर फार चांगलं. फरक ६-७ सेकंदांवर गेला तर ग्राइंडरला दोष देण्याआधी आपला हात तपासा. बास्केटमधली भुकटी बारीक सुयांनी तळापर्यंत ढवळा, मग सपाट करून दाबा. ढवळल्यावर फरक आटोक्यात आला तर गोष्ट गुठळ्यांची होती आणि ती रोज दहा सेकंद देऊन सुटते. ढवळूनही वेळ उड्या मारत असेल, तर बहुधा बरची फट दळताना हलते आहे. त्यावर तुमच्याकडे इलाज नाही.

वर बियांचं भांडं असलेल्या ग्राइंडरमध्ये ही परीक्षा भांडं निम्मं असताना आणि शेवटच्या मूठभर बियांवर अशी दोनदा घ्या. वरून भार कमी झाला की बिया बरवर उड्या मारतात आणि दळण बदलतं. वेळेवर डोस देणारा ग्राइंडर असेल तर प्रत्येक डोस तोलून बघा. दळण बारीक केलं की तेवढ्याच सेकंदांत कमी कॉफी बाहेर येते, म्हणून जाडी बदलली की वेळही नव्याने लावावी लागते.

ज्यांना याच ग्राइंडरवर पोअर-ओव्हरही (वरून पाणी ओतून गाळलेली कॉफी) करायची आहे, त्यांनी एकदा भरड बाजूला जाऊन, दळून, पुन्हा एस्प्रेसोच्या आकड्यावर यावं. शॉटचा वेळ पूर्वीसारखा आला नाही तर आकडे विश्वासाचे नाहीत.

आत किती राहतं

इथे बरेच जण फसतात. १८ ग्रॅम घातले, १८ ग्रॅम बाहेर आले, म्हणजे आत काही अडकत नाही असं वाटतं. तसं नसतं. आत २ ग्रॅम जुनी भुकटी बसलेली असू शकते. नवी आत राहते, जुनी तिच्या जागी बाहेर पडते आणि वजन मात्र जुळतं. खरं उत्तर हवं तर ग्राइंडर उघडून ब्रशने पूर्ण साफ करा, १८ ग्रॅम दळा आणि बाहेर आलेलं तोला. जे कमी पडेल ते आत राहणारं. मग नेहमी जे कराल ते करा, टिचकी मारा किंवा वर हवेचा फुगा असेल तर तो दाबा, आणि पुन्हा तोला.

तोलण्यापेक्षा डोळ्यांना पटवणारा एक मार्ग आहे. आधी गडद भाजणीच्या बिया दळा, त्यामागोमाग हलक्या भाजणीच्या. येणारी भुकटी पांढऱ्या कागदावर थोडी थोडी वेगळी पाडा. गडद रंग कितव्या ढिगात संपतो, तेवढी कॉफी तुम्हाला जाडी बदलताना दर वेळी फेकावी लागेल. दिवसाला दोन कप एकाच बियांचे पिणाऱ्याला दीड-दोन ग्रॅमही चालतात. रोज बिया बदलणाऱ्याला अर्ध्या ग्रॅमच्या आतच हवं.

भुकटी उडून सगळीकडे चिकटत असेल तर दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून त्या हलवा. स्थिर वीज बरीच कमी होते. मात्र चाचणी सुरू असताना एक तर दर वेळी थेंब टाका, नाहीतर कधीच टाकू नका. २०२३ साली 'मॅटर' या शोधपत्रिकेत आलेल्या संशोधनात, ज्यात ओरेगॉन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ होते, असं दिसलं की पाणी घालून दळलेल्या कॉफीतून एस्प्रेसो वेगळ्या गतीने आणि जास्त तीव्र उतरतो. म्हणजे त्या थेंबाने तुमचे सेकंदही बदलतात.

मग चव

वेळ जुळला म्हणजे कप चांगला असतोच असं नाही. आंबटपणा जास्त असेल तर थोडं बारीक करा, कडवटपणा जास्त असेल तर थोडं भरड. एका दिशेने सरकल्यावर चव त्या दिशेने सरकली पाहिजे. एकाच घोटात तीव्र आंबट आणि कोरडं कडू दोन्ही येत असेल आणि कुठेही सरकून ते सुटत नसेल, तर पाणी थरात वाटा पाडून जातं आहे किंवा दळणात भरड आणि पीठ यांचं अंतर फार आहे. उघड्या तळाच्या पोर्टाफिल्टरमधून बारीक पिचकाऱ्या उडत असतील तर आधी वाटांचा संशय घ्या.

चपटे बर की शंकू, ६४ मिलिमीटर की ४०, यावर चर्चा खूप चालते. शंकूकडून कपाला अंग मिळतं आणि चपट्यांकडून चवी वेगळ्या कळतात असं सर्वसाधारणपणे म्हणतात. घरच्या ग्राइंडरमध्ये मी याला शेवटची जागा देतो. नीट समांतर बसवलेला लहान बर, डगमगणाऱ्या मोठ्या बरपेक्षा केव्हाही बरा.

आवाज, वेग आणि तापणं यांच्यासाठी वेगळी परीक्षा नको, आठवडाभर वापरलात की कळतं. हातग्राइंडर असेल तर १८ ग्रॅम हलक्या भाजणीचं दळण अर्धवट झोपेतही करायची तयारी आहे का, एवढं स्वतःला विचारा. साफसफाई मात्र एकदा स्वतः करून बघा. बर काढायला किती स्क्रू लागतात? परत बसवल्यावर शून्य तिथेच येतं का? ते हललं तर दर सफाईनंतर जागा शोधण्यात दोन-तीन शॉट जातील.

जुना ग्राइंडर घेत असाल तर बर काढून दातांच्या कडा उजेडात धरा. कडा गोलसर, चकचकीत झाल्या असतील किंवा खडा गेल्याने तुकडा उडाला असेल, तर नव्या बरची किंमत विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीत मिळवूनच सौदा ठरवा, आणि त्या ग्राइंडरचे बर अजून सुटे मिळतात की नाही हे पैसे देण्याआधी शोधा. नवा असेल तर मशीन अडवण्याची, टप्प्यांची आणि त्याच जागेवर त्याच वेळेची, अशा तिन्ही परीक्षा, ग्राइंडर परत करण्याची मुदत संपायच्या आत, उरकून घ्या.