वकिलाकडे पहिल्यांदा जाताना पिशवीत काय काय हवं

गोव्यातल्या म्हापशात एका वकिलांच्या ऑफिसात मी बावीस वर्षं टेबल सांभाळते. टायपिंग, फायली, तारखांची डायरी, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना पाणी. घटस्फोटासाठी येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा जोडीदार हल्ली परदेशात असतो. कुणाचा इंग्लंडात स्विंडनला, कुणाचा लिस्बनला, कुणाचा दुबईत, कुणाचा बोटीवर. येणारी बाई किंवा बाप्या घरून सगळं पाठ करून आलेला असतो: तो काय बोलला, सासूने काय केलं, चवथीला कसा तमाशा झाला. वकील ऐकतात, पण विचारतात भलतंच. "बाय, तो सध्या राहतो कुठे? लग्नाच्या सह्या कुठे झाल्या? मूल कुठे आहे? पासपोर्ट कुठल्या देशाचा?" केस कुठल्या देशात घालायची, कुठला कायदा लागणार आणि निकाल कुठे चालणार, हे याच उत्तरांवर ठरतं. तेव्हा पिशवी भरायची ती या 'कुठे'ला धरून.

आधी एक कोरा फुलस्केप घ्या आणि त्यावर नुसत्या तारखा लिहा. लग्न, परदेशी जाणं, मुलांचे जन्म, कोण कधी परत आलं, शेवटचे एकत्र कुठल्या पत्त्यावर आणि कधीपर्यंत राहिलात. महिना आठवत नसेल तर पासपोर्टवरचे शिक्के बघा, विमानाच्या तिकिटांचे ईमेल शोधा. ही मेहनत वाया जात नाही. गोव्यात घटस्फोटाला अजून 3 नोव्हेंबर 1910 चा पोर्तुगीज कायदा लागतो. 1961 साली गोवा मुक्त झाला, 1962 च्या कायद्याने इथले जुने कायदे चालू ठेवले, त्यातलाच हा एक. त्यात घर सोडून गेल्याचं कारण दाखवायचं तर तीन वर्षं भरावी लागतात, नुसतं वेगळं राहिल्याचं दाखवायचं तर दहा. 'बरीच वर्षं झाली' या वाक्याचा तिथे काही उपयोग नाही.

आता लग्नाचे कागद. गोव्यात देवळात नाहीतर हॉलमध्ये कितीही थाटात लग्न लागलं तरी कायद्याने ते सिव्हिल रजिस्ट्रारसमोर लागतं. पहिली सही, मध्ये हरकतींची मुदत, मग दुसरी सही. दुसरी सही राहिली असेल तर गोष्ट घटस्फोटाची राहतच नाही, वेगळीच होते. लाज वाटून हे लपवणारे असतात, लपवू नका. लग्न सावंतवाडीला किंवा बेळगावला नोंदवलं असेल, परदेशात लागलं असेल, तर तेही आधीच सांगा, कारण मग कायदाच दुसरा लागू शकतो. लग्नाआधी नोटरीकडे मालमत्तेचा करार केला असेल तर तो शोधून काढा. केला नसेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण तेव्हा पती-पत्नीची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा निम्मा-निम्मा वाटा मानला जातो.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. मॅरेज सर्टिफिकेट तिच्या वडिलांनी मोठ्या मायेने लॅमिनेट करून ठेवलेलं, कडेला गणपतीचं स्टिकरसुद्धा. परदेशात वापरायच्या कागदाला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागतं, आणि लॅमिनेट केलेला कागद तिथे घेत नाहीत. बिचारीने प्लास्टिक सोलायला घेतलं आणि रजिस्ट्रारची सही त्याच्याबरोबर निघून आली. सोलू नका. ज्या कचेरीत नोंद आहे तिथून नवी प्रमाणित नक्कल काढा, दोन-तीन एकदम. अपोस्टिल भारतात 2005 पासून चालतं. ब्रिटन आणि पोर्तुगालला ते पुरतं. अमिरात आणि कुवेत अपोस्टिलच्या करारात नाहीत, तिथे त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. पोर्तुगालसाठी जन्म-लग्नाच्या नोंदवहीची पूर्ण नक्कल मागतात, तिला आमच्याकडे 'तेओर' म्हणतात. नक्कल काढताना कुठे वापरायची ते कारकुनाला सांगितलं की हेलपाटा वाचतो.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांची वेगळीच गोष्ट. 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांनी आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी लिस्बनला जन्म नोंदवून ते नागरिकत्व घेतलं. पण कुणाचा जन्मच नोंदवलेला असतो आणि लग्न नाही, म्हणजे इथे तो विवाहित आणि तिथल्या दप्तरात ब्रह्मचारी. तुमचं लग्न तिथे नोंदवलंय का, नोंदवलं असेल तर कुठल्या स्पेलिंगने, हे शोधून ठेवा. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने मी पाहिलंय. लग्न तिथे नोंदवलेलं असेल तर गोव्यातला घटस्फोट पोर्तुगालमध्ये आपोआप चालत नाही, तिथल्या अपील कोर्टाकडून मान्य करून घ्यावा लागतो. त्याचा वकील वेगळा, खर्च वेगळा. तुम्ही स्वतः पोर्तुगीज झाला असाल तर भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्याचा दाखला आणि असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) बरोबर घ्या.

परदेशी कोर्टाचा कागद आधीच हातात पडला असेल, तर बाकी सगळं बाजूला. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2022 पासून कुणाची चूक न दाखवता, एकट्यानेही अर्ज करता येतो. लग्नाला वर्ष झालेलं असलं की पुरे. अर्जानंतर निदान वीस आठवडे, मग आणखी सहा, आणि घटस्फोट होऊ शकतो. चवथीच्या तोंडावर डिचोलीकडची एक बाई असंच पाकीट घेऊन आली. पाकिटाच्या मागे गणपतीवर बांधायच्या माटोळीची यादी लिहिलेली: आंबाडे, चिबूड, सुपारीचा कात्रो. पाकीट आलं कधी, ते घरात कुणालाच सांगता येईना, आणि उत्तराची मुदत तर आलेल्या दिवसापासून धावते. तेव्हा पाकीट टाकू नका, त्यावर दुसरं काही लिहू नका. आलेली तारीख तेवढी पेन्सिलीने कोपऱ्यात टिपा. ईमेलने आलं असेल तर ते डिलीट करू नका. आणि वकिलाला दाखवल्याशिवाय त्या कोर्टाला एक ओळही लिहू नका. सुप्रीम कोर्टाने 1991 सालच्या नरसिंह राव खटल्यात सांगितलं होतं की परदेशी कोर्टाचा घटस्फोट इथे मानायचा की नाही, हे बघताना दुसऱ्या बाजूने त्या कोर्टाचा अधिकार आपणहून स्वीकारला होता का, हे बघावं लागतं. 'थँक यू, आय अ‍ॅग्री' असं सभ्यपणाने पाठवलेलं उत्तर महाग पडू शकतं. उलट, उत्तर न देता पाकीट कपाटात टाकून दिलं म्हणजे ते टळलं, असंही नाही.

मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले, सगळे पासपोर्ट, शाळेचे कागद आणि ती गेल्या दोन वर्षांत कुठे कुठे राहिली त्याची नोंद न्या. मुलाला घेऊन गोव्याला निघून यायचा विचार डोक्यात असेल तर तिकीट काढायच्या आधी वकिलाला विचारा, विमानतळावरून नव्हे. मुलांना पळवून नेण्याबद्दलच्या 1980 च्या हेग करारात ब्रिटन आणि पोर्तुगाल आहेत, भारत नाही. त्यावरून लोक समजतात की इथे पोचलं की सुटलो. तसं नाही. इथलं कोर्ट मुलाचं हित बघतं आणि परत पाठवण्याचा हुकूमही देऊ शकतं; शिवाय पालकत्वाचा हक्क असलेल्या दुसऱ्याची संमती किंवा कोर्टाची परवानगी नसताना मुलाला देशाबाहेर नेणं हा इंग्लंडमध्ये गुन्हा आहे.

मालमत्तेसाठी जमिनीचे एक-चौदाचे उतारे, खरेदीखतं, फ्लॅटचे करार, परदेशी राहणाऱ्यांच्या एनआरई-एनआरओ बँक खात्यांची पासबुकं, तिकडच्या घराचे आणि पेन्शनचे कागद, आणि कर्जंही. कर्जं लोक विसरतात. सासरच्या घरात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची केस, झाली असेल तर तिचा निकाल शोधा. सोनं कुणाकडे, किती, बिलं आहेत का. आणि एक कागद मुद्दाम आठवा: परदेशी जाताना नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावे दिलेलं मुखत्यारपत्र. गोव्यात जोडीदाराच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही, पण तुमची संमती तुम्ही त्या कागदावर आधीच देऊन बसला असाल. त्याची नक्कल पहिल्याच भेटीत दाखवा. आता तुम्हीच परदेशातून इथल्या कुणाला मुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला स्टँप लागला पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवरची भांडणं प्रिंट काढून आणली तरी चालेल, पण तेवढ्यावर भागत नाही. 1 जुलै 2024 पासूनच्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली असा पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन आणि मूळ चॅट जपा. फोन बदलणार असाल तर थांबा. जोडीदाराचं ईमेल उघडून मजकूर काढू नका. स्वतःचा पासवर्ड मात्र आजच बदला, आणि घरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं राहिलंय का तेही पाहा.

फीचं आधीच विचारा, संकोच नको. पहिल्या भेटीचे किती, केसचे किती, त्यात काय येतं, तिकडचा वकील लागला तर तो कोण शोधणार. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी 1987 च्या कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो. 15100 वर फोन केला तर पुढचं सांगतात. वकील जोडीदाराच्या घरच्यांचा तर नाही ना, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. गोवा लहान आहे.

आईला बरोबर आणलंत तरी काही वेळ बाहेर बाकावर बसवा. आईसमोर माणूस अर्धंच खरं बोलतो, हे मी बाहेर बसून पाहते. दुसऱ्या कुणाशी संबंध असतील, मारहाण झाली असेल, कधी पोलिसात गेला असाल, स्वतःचं काही चुकलं असेल, तर ते आत सांगायचं. वकिलाला ते बाहेर बोलायची मुभा नाही. मारहाणीचे फोटो आणि डॉक्टरचे कागद वेगळ्या पाकिटात ठेवा.

झेरॉक्स घरूनच काढून आणा, दोन प्रती. आमच्या ऑफिसखालच्या दुकानात गर्दी असते, आणि मशीनवरचे कागद लोक वाचतात. निघताना मूळ कागद मोजून परत घ्या. एखादा ठेवावाच लागला तर माझ्याकडून पोच लिहून घ्या. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी विसरलेला लग्नाचा अल्बम अजून माझ्या टेबलाखाली आहे.