‘फक्त रोख’ म्हणणाऱ्या दुकानात ग्राहकाने काय करावे

नागपुरात सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर, गोकुळपेठेच्या बाजारात किंवा इतवारीच्या गल्ल्यांत बहुतेक दुकानांत आता क्यूआर कोड लावलेला दिसतो; तरीही ‘फक्त रोख’, ‘यूपीआय बंद आहे’ असे सांगणारे दुकानदार कमी नाहीत. अशा वेळी दुकानदाराला असे सांगण्याचा अधिकार आहे का, यावरच वाद सुरू होतो आणि ग्राहकाची सारी शक्ती त्यात खर्च होते. लहान दुकानदाराला तो अधिकार आहे. रोख घेऊन बिल नाकारण्याचा अधिकार मात्र त्याला नाही, आणि वस्तू पुढे सदोष निघाली तर ग्राहकाच्या हाती त्या बिलाशिवाय दुसरा भक्कम आधार नसतो. म्हणून आग्रह धरायचा तो बिलासाठी धरावा.

कायदेशीर स्थिती आधी समजून घ्यावी. भारतीय रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २६ नुसार चलनी नोटा देशात सर्वत्र वैध चलन आहेत, त्यामुळे विक्रेत्याने नोटा मागण्यात गैर काहीच नाही. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे स्वीकारण्याची सक्ती कायद्याने केली आहे ती ज्यांची वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपेक्षा अधिक आहे अशा व्यवसायांवर. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम २६९ एसयूने ही तरतूद केली. अशा व्यवसायांनी रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांची सोय ठेवणे आवश्यक ठरले आणि ती न ठेवल्यास दिवसाला ५,००० रुपये दंड ठरवण्यात आला. हा दंड सरकारकडे जमा होतो, ग्राहकाला त्यातून काही मिळत नाही. तेव्हा मोठ्या साखळी दुकानाच्या काउंटरवर ‘मशीन बंद आहे, रोखच द्या’ असे सांगितले गेले तर व्यवस्थापकाला बोलावून विचारणे योग्य आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तोच कायदा सांगून उपयोग नाही.

लहान दुकानदार यूपीआय का टाळतात, हेही लक्षात घेतलेले बरे. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही, म्हणजे ‘आम्हाला चार्जेस लागतात’ हे कारण तिथे टिकत नाही. खरी भीती बहुधा कराच्या नोटिशीची असते. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या नोंदींवरून लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा तिथल्या अनेक दुकानांनी क्यूआर कोड काढून टाकले होते. दुसरी भीती अशी की सायबर फसवणुकीतली रक्कम अनोळखी ग्राहकाकडून खात्यात आली, तर दुकानदाराची काही चूक नसताना खाते गोठवले जाते आणि ते मोकळे करण्यासाठी त्याला हेलपाटे घालावे लागतात. ही दुसरी अडचण मला पूर्णपणे खरी वाटते. पहिलीबाबत मात्र ग्राहकाने सावध राहावे, कारण करापासून लपवलेली विक्री ग्राहकाच्या हातीही कागद ठेवत नाही.

कार्ड स्वीकारतो, पण ‘दोन टक्के वरून लागतील’ असे सांगणारे दुकानही याच प्रकारात मोडते. डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क ग्राहकाच्या माथी मारले जाणार नाही याची काळजी बँकांनी घ्यावी, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात सांगितले आहे. असा अनुभव आल्यास ज्या बँकेचे मशीन आहे त्या बँकेकडे तक्रार करता येते. त्यासाठी मशीनमधून निघालेली स्लिप जपून ठेवावी.

पैसे कसे द्यायचे, हे खरेदीच्या आधी विचारावे. वस्तू गल्ल्यावर असते तोवर व्यवहार पूर्ण झालेला नसतो आणि आपण निघून जाऊ शकतो. उपाहारगृह, सलून, गाडी दुरुस्तीचे गॅरेज यांचे तसे नाही. तिथे सेवा आधी मिळते आणि पैसे नंतर द्यायचे असतात. जेवण झाल्यावर ‘फक्त रोख’ कळले तर देणे लागतेच, ते नाकारू नये. मात्र जवळच्या एटीएमवर जाऊन येण्याची मुभा मागावी, नाव व फोन क्रमांक लिहून द्यावा. पैशांसाठी कोणी वाट अडवली किंवा आत बसवून ठेवले तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि अशा वेळी ११२ वर फोन करावा. महिन्यात दुसऱ्या बँकेच्या एटीएमचे ५ व्यवहार नागपुरात विनाशुल्क मिळतात; रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा ३ वर आणली आहे ती मुंबई-दिल्लीसारख्या सहा महानगरांत. त्यापुढील प्रत्येक व्यवहारासाठी मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क लागू शकते.

आता बिलाकडे वळू. गांधीबाग आणि इतवारीच्या बाजारात रोखीने खरेदी केल्यावर अनेकदा हाती येते ती कच्ची चिठ्ठी. छोट्या पॅडमधून फाडलेला तो पातळ कागद असतो, वर ‘एस्टिमेट’ छापलेले असते, खाली घाईघाईत लिहिलेले आकडे आणि गोल केलेली बेरीज. दुकानाचे नाव, पत्ता, क्रमांक, सही यांपैकी काहीही नसते. ही चिठ्ठी बिल नव्हे. ग्राहक संरक्षण (सर्वसाधारण) नियम, २०२० नुसार बिलावर विक्रेत्याचे नाव व पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, मालाचे वर्णन व प्रमाण, कर आणि सवलत, तसेच विक्रेत्याची सही असली पाहिजे. असे बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. त्याच कलमात आणखी एक मोलाची गोष्ट आहे : सदोष वस्तू परत घेण्यास आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य छापल्याने सदोष मालाबाबतची ही जबाबदारी संपत नाही.

‘पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा लागेल’ हे उत्तर तर जवळजवळ ठरलेलेच असते. समजा, एका मिक्सरच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत ४,५०० रुपये छापली आहे आणि दुकानदार बिलाविना ३,८०० रुपये सांगतो. छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, म्हणून बिलासह एकूण रक्कम कोणत्याही परिस्थितीत ४,५०० च्या वर जाऊ शकत नाही. ३,८०० वर १८ टक्के जीएसटी लावला तर ४,४८४ रुपये होतात. म्हणजे वाचणारे ६८४ रुपये ही वॉरंटीची आणि तक्रारीच्या हक्काची किंमत ठरते, कारण मिक्सर बंद पडल्यावर कंपनीचे सेवा केंद्र पहिल्यांदा खरेदीची तारीख असलेले बिल मागते. विजेच्या वस्तूबाबत हा सौदा करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जो दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी विक्रीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) आहे, त्याला तर ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही आणि तसे त्याने बिलावर लिहिणेही बंधनकारक आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानात २०० रुपयांपेक्षा कमी रकमेच्या खरेदीवरही ग्राहकाने मागितल्यास बिल द्यावे लागते.

बिल मिळालेच नाही आणि वस्तू तर घ्यायचीच आहे, असाही प्रसंग येतो. अशा वेळी पुरावा आपणच उभा करावा. दुकानाच्या पाटीचे आणि वस्तूवरील अनुक्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, एटीएममधून पैसे काढल्याचा संदेश जपावा, कच्ची चिठ्ठी फेकू नये आणि त्याच दिवशी दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर साध्या शब्दांत लिहावे : ‘नमस्कार दादा, आज दुपारी आपल्या दुकानातून मिक्सर घेतला व रोख ३,८०० रुपये दिले. बिल राहिले आहे, कृपया पाठवावे.’ त्यावर ‘उद्या देतो’ एवढे उत्तर आले तरी विक्री झाल्याची कबुली मिळते. कधी कधी दुकानदार मुलाच्या किंवा नोकराच्या खासगी क्रमांकावर पैसे टाकायला सांगतो. त्यातून पैसे दिल्याचे सिद्ध होईल, पण कोणत्या दुकानातून काय घेतले हे सिद्ध होणार नाही, म्हणून बिल तिथेही मागावेच.

लग्नसराईत रकमा मोठ्या असतात आणि मंडप, सभागृह, केटरर, सराफ यांच्याकडे आगाऊ रक्कम रोखीने देण्याची रीत आहे. प्रत्येक रकमेची वेगळी पावती घ्यावी. ५,००० रुपयांपेक्षा अधिक रकमेच्या पावतीवर १ रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही हवी. आयकर कायद्याने एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास मनाई केली आहे, आणि दंड स्वीकारणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका असतो. म्हणून एकाच लग्नाचे दागिने ‘दोन बिलांत तोडून देतो’ असा प्रस्ताव आला तर त्यात पडू नये.

धंतोली आणि रामदासपेठेतील रुग्णालयांत विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात, आणि रात्री दाखल करताना रोख अनामत मागितली जाते. घाबरलेल्या नातेवाइकांना पावती मागणे सुचत नाही, पण ती मागावीच. बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत नमूद आहे.

रोखच घेणारा दुकानदार १० रुपयांचे नाणे नाकारतो, हा प्रकार आपल्याकडे अजून संपलेला नाही. १० रुपयांच्या नाण्याचे वेगवेगळे १४ नमुने वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले आहे. १ रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत. चिल्लर नाही म्हणून हातावर चॉकलेट ठेवले तर ते घेण्याचे बंधन नाही. घरात २,००० ची जुनी नोट सापडली तर दुकानदाराशी हुज्जत घालू नये, ती बदलून देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत नागपूरचे कार्यालयही आहे.

तक्रार करायची झाल्यास दुकानदाराला लेखी पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे, १५ दिवसांची मुदत द्यावी आणि पत्राची प्रत ठेवावी. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. बरीच लहान प्रकरणे तिथेच मिटतात. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर वैधमापनशास्त्र (वजन-मापे तपासणाऱ्या) विभागाकडे, नोंदणीकृत दुकानाने बिल नाकारले असेल तर राज्य जीएसटी विभागाकडे लिहावे. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते आणि खरेदी दुसऱ्या जिल्ह्यात झालेली असली तरी नागपूरला राहणारा ग्राहक नागपूरच्या आयोगाकडे येऊ शकतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज व्हावा लागतो. अर्जासोबत बिल किंवा कच्ची चिठ्ठी, संदेशांच्या छापील प्रती, छायाचित्रे, पाठवलेले पत्र आणि पोस्टाची पावती तारखेच्या क्रमाने जोडावी.