इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या फुटबॉलपटूची कारकीर्द कशी वाचायची

पंधरा वर्षांत दहा-बारा क्लब फिरलेला खेळाडू दिसला की त्याच्या नावाखालची यादी बघायची आणि ‘हा कुठे टिकलाच नाही’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं, ही सवय फार जुनी आहे. नुसत्या यादीवरून फारसं काही कळत नाही. नोंदणी कोणत्या क्लबाकडे होती, क्लब कोणत्या महिन्यात बदलला आणि सुरुवातीच्या अकरात तो किती सामने खेळला, एवढं हाताशी असेल तर त्याच्याबद्दल काहीतरी धड बोलता येतं. हे शोधायचं कसं आणि कुठे फसायला होतं, ते इथे मांडलं आहे.

तक्ता आधी

स्प्रेडशीट उघडा किंवा वही घ्या, पण प्रत्येक नोंदणीला वेगळी ओळ द्या. हंगामाला एक ओळ दिली की गोंधळ होणारच, कारण एका हंगामात दोन लोन (मूळ क्लबाशी करार कायम ठेवून दुसऱ्या क्लबाकडे उसना खेळणं) आणि एक कायमचा करार असं सर्रास घडतं. रकाने असे ठेवा: हंगाम, क्लब, लीगचा स्तर, करार की लोन, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, सुरुवातीच्या अकरातले सामने, बदली म्हणून उतरलेले सामने, गोल, मॅनेजर, शेरा. मॅनेजरचा रकाना अनावश्यक वाटतो, पण पुढे बऱ्याच गाठी तोच सोडवतो.

स्तर आकड्यात लिहा (सगळ्यात वरचा पहिला), लीगच्या नावात नाही. १९९२ मध्ये प्रीमियर लीग वेगळी झाली आणि जुनी डिव्हिजन टू एका रात्रीत डिव्हिजन वन झाली. २००४ मध्ये पुन्हा नावं बदलली: डिव्हिजन वनची चॅम्पियनशिप, डिव्हिजन टूची लीग वन, डिव्हिजन थ्रीची लीग टू. म्हणजे १९९१ मधला ‘डिव्हिजन टू’चा खेळाडू दुसऱ्या स्तरावर होता, तर १९९८ मधला तिसऱ्या. पाचव्या स्तराचंही तसंच. १९७९ ला अलायन्स प्रीमियर लीग, १९८६ पासून कॉन्फरन्स, २०१५ पासून नॅशनल लीग. त्याखालची उत्तर आणि दक्षिण विभागांची सहावी पायरी २००४ मध्ये आली. शिवाय चौथ्या आणि पाचव्या स्तरांमधली आपोआप बढती-घसरण १९८७ पासूनची आहे. त्या वर्षी स्कारबरो वर गेला आणि लिंकन सिटी खाली आला. त्याआधी तळाच्या क्लबांचं भवितव्य मतदानावर ठरायचं, त्यामुळे १९८० च्या आसपास ‘नॉन-लीग’मध्ये, म्हणजे वरच्या चार स्तरांबाहेर, खेळणारा माणूस कमी दर्जाचाच असेल असं गृहीत धरू नका.

सामने मोजताना

विकिपीडियाच्या चौकटीत फक्त लीगचे सामने असतात. सुरुवातीचे आणि बदलीचे त्यात एकत्र असतात, प्ले-ऑफ (हंगामाअखेरचे बढतीचे सामने) मात्र धरलेले नसतात. क्लबाच्या संकेतस्थळावर ‘२०० सामने’ असं लिहिलेलं असेल तर त्यात बहुधा एफए कप, लीग कप आणि ईएफएल ट्रॉफीही असते. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून कोणीतरी चुकलं असं लगेच ठरवू नका; आधी दोघांनी काय मोजलंय ते बघा. गोलरक्षक पीटर शिल्टनचे १,००५ सामने नुसत्या लीगचे आहेत. स्टीव्ह क्लॅरिज डिसेंबर २००६ मध्ये बोर्नमथकडून उतरला तो त्याचा हजारावा सामना, पण सर्व स्पर्धा धरून. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे. गोलरक्षक सोडून बाकीच्या खेळाडूंमध्ये लीगच्या सामन्यांचा विक्रम टोनी फोर्डचा, ९३१. प्रीमियर लीगच्या झगमगाटाबाहेर केवढं फुटबॉल खेळलं जातं, ते या एका आकड्यावरून कळावं.

‘७२ (६)’ असं लिहिलेलं असेल तर ७२ वेळा सुरुवातीपासून आणि ६ वेळा बदली म्हणून, एकूण ७८. काही ठिकाणी कंसाबाहेरचा आकडा एकूण सामन्यांचा असतो. खात्रीसाठी एखादा हंगाम सामन्यागणिक मोजून बघा. बेंचवर बसून राहिलेला सामना कशातच धरला जात नाही, पण शेऱ्यात तो जरूर लिहा. बेंचवर होता म्हणजे तो तंदुरुस्त होता, त्यामुळे त्या काळातली रिकामी जागा दुखापतीच्या खात्यावर टाकता येत नाही. बदली खेळाडूची सोय लीगमध्ये १९६५-६६ पासून आली. त्याआधीच्या नोंदीत कंस शोधत बसू नका.

रद्द झालेले निकाल हा वेगळाच ताप आहे. मार्च १९९२ मध्ये ऑल्डरशॉट क्लब ३६ सामने खेळून बंद पडला आणि त्याचे त्या हंगामातले सगळे निकाल पुसले गेले. खेळाडू खेळले, गोल झाले, पण अधिकृत कोष्टकात काही नाही. मार्च १९६२ मध्ये बाहेर पडलेल्या ॲक्रिंग्टन स्टॅनलीचंही तेच झालं. असे सामने वेगळ्या ओळीत लिहा आणि बेरजेत धरले की नाही ते सरळ नोंदवा. ‘बरी’ या क्लबाचे खेळाडू ऑगस्ट २०१९ मध्ये अचानक मोकळे कसे झाले, याचं उत्तरही कोष्टकात मिळणार नाही. त्या महिन्यात क्लबलाच लीगमधून काढून टाकलं होतं.

एक नमुना उलगडून बघू

जानेवारी १९९० मध्ये जन्मलेला एक कल्पित स्ट्रायकर घ्या. २००८ ते २०१२ लीग वनमधल्या ‘अ’ क्लबाकडे ११ सामने, १ गोल. त्याच काळात लोनवर तीन ठिकाणी: कॉन्फरन्समधल्या ‘ब’कडे ७ सामने, गोल नाही, लीग टूमधल्या ‘क’कडे ५ सामने, १ गोल, लीग टूमधल्याच ‘ड’कडे ३१ सामने, ९ गोल. मग २०१२ ते २०१४ ‘ड’चा कायमचा खेळाडू, ७८ सामने, २४ गोल. २०१४ ला लीग वनमधल्या ‘ई’कडे, १९ सामने, २ गोल. जानेवारी २०१५ मध्ये लोनवर लीग टूच्या ‘फ’कडे, १७ सामने, ६ गोल.

यादीत सात हंगाम आणि सहा क्लब दिसतात. करार मात्र तीनच: अ, ड आणि ई. बाकीच्या वेळी पगार आणि नोंदणीची मूळ जबाबदारी दुसरीकडेच होती. ‘ब’ आणि ‘क’कडचे पाच-सात सामने अपयशाचे वाटतात, पण २०१५-१६ पर्यंत विंडो (खेळाडूंनी क्लब बदलण्यासाठी ठरवून दिलेला काळ) बंद असतानाही इमर्जन्सी लोनवर खेळाडू नेता यायचा. असा लोन बरेचदा महिन्याभराचा असे आणि जास्तीत जास्त ९३ दिवस चालायचा. महिन्याभरात पाच-सात सामनेच होतात. तो जवळपास सगळे खेळला असेल तर त्यात कमीपणा कसला? ही सोय २०१६ पासून बंद झाली. गोलरक्षकांना सात दिवसांचा इमर्जन्सी लोन अजून मिळतो, म्हणून गोलरक्षकांच्या यादीत एका सामन्याचे किंवा शून्य सामन्यांचे क्लब दिसतात.

‘ड’ची ओळ सगळ्यात बोलकी. ज्यांनी त्याला जवळजवळ अख्खा हंगाम सरावात आणि सामन्यात पाहिलं, त्यांनीच पुढे करार दिला. खालच्या लीगमध्ये याहून चांगलं प्रशस्तिपत्रक नसतं.

आता ‘ई’कडची घसरण. ‘ड’कडे दर ३.२५ सामन्यांना एक गोल, ‘ई’कडे साडेनऊ सामन्यांना एक. वर गेला आणि झेपलं नाही, असा निष्कर्ष निघतो. कंस उघडून बघा. ‘ड’कडे ७२ (६), ‘ई’कडे ३ (१६). सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्याची सरासरी ८५ मिनिटं आणि बदलीची १५ धरली, तर ‘ड’कडे ६,२१० मिनिटं आणि ‘ई’कडे ४९५. म्हणजे एका गोलमागे साधारण २५९ आणि २४८ मिनिटं. दर तोच! दोन गोलांवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही हे खरं, पण ‘झेपलं नाही’ हे तर त्याहून सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष मिनिटं मिळत असतील तर अर्थात तीच घ्या. नव्या नोंदींमध्ये बदलीची वेळ मिळते, जुन्यांमध्ये अंदाजच करावा लागतो.

चोविसावं वर्ष

याच खेळाडूने २०१४ मध्येच क्लब का बदलला? डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालानंतर (करार संपलेल्या खेळाडूला ट्रान्सफरच्या पैशांविना जाऊ देणारा युरोपीय न्यायालयाचा निकाल) इंग्लंडमध्ये देशांतर्गत क्लब बदलण्यासाठी १९९८ पासून पद्धत अशी आहे की करार संपलेला, चोवीस वर्षं पूर्ण केलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो. त्याहून लहान असेल आणि जुन्या क्लबाने निदान आधीइतक्या चांगल्या अटींवर नवा करार देऊ केला असेल, तर नव्या क्लबाला भरपाई द्यावी लागते. रक्कम जमली नाही तर समिती ठरवते. आपला स्ट्रायकर जून २०१४ मध्ये चोवीस पूर्ण होता. ट्रान्सफरचे पैसे वाचले की क्लब पगाराला हात सैल सोडतो.

याची दुसरी बाजू वाचताना सुटते. वीस-बावीसाव्या वर्षी ‘फ्री ट्रान्सफर’ असं लिहिलेलं दिसलं, तर बहुधा जुन्या क्लबाने करार देऊच केला नाही, म्हणजे भरपाईवर पाणी सोडलं. तिशीतल्या खेळाडूपुढे तेच शब्द दिसले तर त्यांचा असा काहीच अर्थ निघत नाही.

रक्कम ‘अनडिस्क्लोज्ड’ (जाहीर न केलेली) असेल तर रकाना रिकामा सोडा. अफवेतला आकडा एकदा तक्त्यात गेला की निघत नाही.

महिना सांगतो ते

करार ३० जूनला संपतात. त्याआधी मे महिन्यात क्लब रिटेन्ड लिस्ट जाहीर करतात: कोण करारात आहे, कोणाचा वाढीव वर्षाचा पर्याय वापरला, कोणाशी बोलणी चालू आहेत, कोणाला सोडलं. ही यादी मिळाली तर आधी तीच वाचा. ‘करार देऊ केला’ आणि ‘सोडला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण कारकिर्दीच्या यादीत दोन्हींची नोंद सारखीच होते. सोडलेल्या खेळाडूला लीगच्या ठरलेल्या करारानुसार ३० जूननंतर महिनाभर किंवा नवा क्लब मिळेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर, मूळ पगार मिळतो. जुलै संपत आला की धावपळ का वाढते ते यातून समजतं.

जूनमध्ये करार झाला तर मॅनेजरला तो हवा होता. जुलैअखेर झाला तर बहुतेक ट्रायलवर (कराराआधीच्या चाचणीसाठी) आला असणार. सरावसामन्यांच्या संघयादीत ‘ट्रायलिस्ट’ एवढंच छापतात, नाव नाही, त्यामुळे हा टप्पा नोंदींतून जवळजवळ गायब असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विंडो बंद असताना झालेला करार म्हणजे खेळाडू मोकळा होता, आणि असा करार अनेकदा जानेवारीपर्यंतचाच असतो. तो वाढला नाही तर जानेवारीत आणखी एक क्लब यादीत येतो. एकाच वर्षात तीन क्लब दिसले की बेशिस्तीचा संशय घेण्याआधी या तारखा तपासा. ईएफएलमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन स्तरांत, मार्चच्या चौथ्या गुरुवारनंतर साधारणपणे नवी नोंदणी होत नाही.

एप्रिलमध्ये नियमित खेळणारा अचानक दिसेनासा झाला आणि दुखापतीची बातमी नसेल, तर कराराकडे बघा. काही करारांत ठरावीक सामने झाले की पुढचं वर्ष आपोआप लागू होतं. दोन सामने कमी असताना बेंचवर बसवलेला खेळाडू खराब फॉर्मात असेलच असं नाही. पण कलमाचा पुरावा नसेल तर शेऱ्यात प्रश्नचिन्ह टाका, विधान करू नका.

क्लब बदलला त्याच आठवड्याच्या आसपास मॅनेजरही बदललाय का, तेही तपासा. नवा मॅनेजर आपली ओळखीची माणसं आणतो आणि जुन्याची माणसं लोनवर निघतात. तीन वेगवेगळ्या क्लबांत एकाच मॅनेजरचं नाव आलं तर ते तीन क्लब म्हणजे एकच नोकरी होती असं समजायला हरकत नाही.

नकाशा आणि शेवटच्या ओळी

रॉचडेल, ओल्डम, बरी, ॲक्रिंग्टन, हॅलिफॅक्स ही गावं एकमेकांपासून गाडीने जाण्याच्या अंतरावर आहेत. इथे क्लब बदलला तरी घर आणि मुलांची शाळा तीच राहते. कार्लाइल किंवा प्लिमथला जायचं तर बिऱ्हाड हलवावं लागतं. यादी नकाशावर टाकली की कोणता बदल निवडीचा आणि कोणता नाइलाजाचा, याचा अंदाज येतो.

वयाच्या बत्तिसाव्या वर्षानंतर हे आणखी ठळक होतं. सहाव्या स्तरावर आणि त्याखाली बहुतेक क्लब अर्धवेळ असतात: दिवसा दुसरं काम, सरावाला बहुधा मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ, शनिवारी सामना. इथे क्लब निवडताना आधी प्रवास बघितला जातो. करार नसलेल्या खेळाडूला दुसरा क्लब सात दिवसांची सूचना देऊन विचारू शकतो, त्यामुळे यादी भराभर लांबते. अशा सात-आठ ओळी मुख्य तक्त्याच्या बेरजेत मिसळू नका. खाली वेगळा तक्ता करा.

या पातळीच्या नोंदी सॉकरबेससारख्या आकडेवारीच्या संकेतस्थळांवर तुटक मिळतात. सामन्यांचे छापील कार्यक्रम आणि स्थानिक वर्तमानपत्रं हाच आधार. २०१९-२० मध्ये सातव्या स्तरापासून खालच्या लीगचे निकालच रद्द केले गेले, तेव्हा ते सामनेही वेगळे लिहा. नामसाधर्म्याचा घोळही इथेच होतो: एकाच नावाचे दोन खेळाडू शेजारशेजारच्या लीगमध्ये असतात आणि संकेतस्थळ त्यांना एक करून टाकतं. जन्मतारीख आणि खेळायची जागा जुळली नाही तर ओळ भरू नका. सेंटर-हाफ (मधला बचावपटू) म्हणून दहा वर्षं खेळलेल्या माणसाने एका हंगामात अचानक २२ गोल केलेले दिसले, तर बहुधा तो दुसराच कोणीतरी असतो.