किशोरवयात गाजलेल्या अभिनेत्रीचे चरित्र कसे लिहावे

किशोरवयात पडद्यावर गाजलेल्या अभिनेत्रीचे चरित्र लिहायला बसले, की पहिली अडचण अशी येते की तिच्या सुरुवातीच्या वर्षांविषयीची जवळजवळ सारी माहिती तिने स्वतः दिलेली नसते. ती दिलेली असते व्यवस्थापकांनी, स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाने आणि कधी कधी आईवडिलांनीही, आणि या सगळ्यांना ती मुलगी आहे त्याहून लहान आणि आनंदी दिसावी असेच वाटत असते. म्हणून तिच्या आयुष्यात मोठ्यांनी ठरवलेले काय आणि तिचे स्वतःचे काय, हे लेखाच्या शेवटपर्यंत वेगळे राखणे हेच चरित्रकाराचे मुख्य काम आहे. ते कसे करावे, हे येथे अमेरिकी अभिनेत्री पॅटी ड्यूक यांच्या उदाहरणावरून पाहू. रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही ठिकाणी त्यांनी वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच नाव मिळवले होते, आणि पुढे आपली बाजू स्वतःच्या शब्दांत मांडली होती.

लेखाचा एकही शब्द लिहिण्यापूर्वी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे घटना तारखेनिशी लिहाव्यात आणि उजवीकडे त्या दिवशीचे तिचे खरे वय, स्वतः वजाबाकी करून, मांडावे. जाहिरातीत छापलेले वय या कागदावर कधीही उतरवू नये. ड्यूक यांचा जन्म १४ डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला, परंतु जॉन आणि एथेल रॉस या व्यवस्थापक दांपत्याने त्यांचे वय दोन वर्षांनी कमी सांगितले आणि त्यांनी कधीच न केलेली कामेही त्यांच्या नावावर दाखवली. वय चोरण्याचा हा प्रकार त्या व्यवसायात जुनाच होता. १९३० च्या दशकातील बालतारका शर्ली टेंपल यांचेही वय स्टुडिओने एका वर्षाने कमी केले होते, आणि आपण बारा नव्हे तर तेरा वर्षांच्या झालो, हे त्यांना त्या वाढदिवशी कळले.

या दोन रकान्यांचा आणखी एक उपयोग होतो. ड्यूक यांना १९६३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, एवढेच बहुतेक लेखांत असते आणि वाचकाचा समज होतो की ते काम सोळा वर्षांच्या मुलीचे होते. प्रत्यक्षात ‘द मिरॅकल वर्कर’मधली हेलन केलर या आंधळ्या आणि बहिऱ्या मुलीची तीच भूमिका त्यांनी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ऑक्टोबर १९५९ मध्ये, बारा वर्षांच्या असताना, सुरू केली; चित्रपट १९६२ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, आणि पुरस्कार त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आला. पुरस्काराचे वर्ष आणि कामाचे वर्ष यांची गल्लत चरित्रलेखात फार वेळा होते. वयाच्या बाबतीत ती महागात पडते, कारण बारा आणि सोळा यांच्यामध्ये एका मुलीचे अख्खे किशोरवय असते.

अभिनयाविषयी लिहिताना ‘सहजसुंदर’, ‘अविस्मरणीय’ अशी विशेषणे टाळून एक प्रसंग निवडावा आणि त्यात शरीर काय करते ते लिहावे. ‘द मिरॅकल वर्कर’ या चित्रपटातला जेवणघरातला झगडा यासाठी अगदी योग्य आहे. आंधळी आणि बहिरी हेलन टेबलाभोवती फिरत दुसऱ्यांच्या ताटांत हात घालते, आणि ॲन बँक्रॉफ्ट यांनी साकारलेली शिक्षिका तिला खुर्चीत बसवून हातात चमचा धरायला लावते. चमचा फेकला जातो, दुसरा दिला जातो, तोही फेकला जातो. जवळजवळ नऊ मिनिटांच्या या दृश्यात संवाद नगण्य आहेत. त्याचे चित्रीकरण पाच दिवस चालले, आणि मुका मार कमी लागावा म्हणून दोघींनी कपड्यांच्या आत गाद्या बांधल्या होत्या. हा तपशील वाचला की ड्यूक यांनी काय केले ते वाचकाला दिसते. त्यानंतर त्याला विशेषणाची गरज उरत नाही. असा प्रसंग एकच असावा, पण तो लेखकाने स्वतः पुन्हा पुन्हा पाहिलेला असावा.

दूरचित्रवाणीच्या कामाबाबत ते काम कोठे आणि कोणत्या कायद्याखाली झाले, हे शोधणे अत्यावश्यक आहे; दुर्दैवाने बहुतेक लेखक हा भाग कोरडा समजून गाळतात. ‘द पॅटी ड्यूक शो’ ही मालिका सप्टेंबर १९६३ पासून १९६६ पर्यंत चालली आणि तिच्यात हुबेहूब एकसारख्या दिसणाऱ्या दोन चुलत बहिणींच्या भूमिका ड्यूक यांनी एकट्यांनी केल्या. म्हणजे कामाचा भार दुप्पट होता. कॅलिफोर्नियात अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर कडक बंधने होती, न्यूयॉर्कमध्ये ती तितकी नव्हती. म्हणून मालिकेचे चित्रीकरण न्यूयॉर्कमध्ये झाले, आणि ड्यूक अठरा वर्षांच्या झाल्यावर ते कॅलिफोर्नियात हलवण्यात आले. मालिकेच्या लोकप्रियतेची दहा वर्णने जे सांगत नाहीत, ते ही एक गोष्ट सांगते.

पैशांचेही तसेच आहे. बालनट जॅकी कूगन यांनी लाखो डॉलर मिळवले होते, पण मोठे झाल्यावर हाती काहीच न आल्याने १९३८ मध्ये त्यांना आई आणि सावत्र वडिलांवर खटला भरावा लागला. त्यांच्या पदरी सुमारे १,२६,००० डॉलर पडले. त्या प्रकरणातून १९३९ साली कॅलिफोर्नियाने बालकलाकाराच्या मिळकतीचे रक्षण करणारा कायदा केला, मात्र तो त्या राज्यापुरता होता. न्यूयॉर्कमध्ये मिळकतीचा काही भाग मुलाच्या नावे राखून ठेवण्याचा कायदा २००३ साली झाला. ड्यूक अठराव्या वर्षी रॉस दांपत्यापासून दूर झाल्या तेव्हा त्यांच्या कमाईतले फारसे काही उरले नव्हते. रकमा डॉलरमध्येच आणि त्या काळच्या आकड्यांतच द्याव्यात. आजच्या दराने रुपयांत रूपांतर केले की भलतेच चित्र उभे राहते.

येथे भाषेचा प्रश्न येतो. बालपणाच्या भागात ‘ती’ आणि पुढे ‘त्या’ असे लिहिण्याची पद्धत रूढ आहे, पण मग तो बदल नेमका कोणत्या वाक्यात करायचा हे ठरवता येत नाही, आणि जिच्याशी मोठ्यांनी आधीच मन मानेल तसे वर्तन केले तिला लेखकही एकेरीत हाक मारतो आहे असे वाटू लागते. माझ्या मते अभिनेत्रीसाठी पहिल्या ओळीपासून ‘त्या’ वापरावे आणि ‘ती’ भूमिकेसाठी राखावे; म्हणजे हेलन ‘ती’ आणि ड्यूक ‘त्या’. पहिल्या नावाने उल्लेख करणेही टाळावे. ड्यूक यांच्या बाबतीत तर ‘पॅटी’ हे नावच लादलेले होते. मूळ नाव ॲना मेरी. ते पुसून नवे नाव देताना, ॲना मेरी आता मेली आहे असे आपल्याला सांगण्यात आले, ही आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. १९८७ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षक ‘कॉल मी ॲना’ असे आहे, ते यामुळेच.

आत्मचरित्र हाती आले म्हणजे सगळे प्रश्न सुटतात असे नाही. ड्यूक यांनी रॉस दांपत्याकडून झालेल्या छळाविषयी त्यात स्पष्ट लिहिले आहे. असा मजकूर घेताना तो त्यांच्या आत्मचरित्रातला आहे असे एकदा स्वच्छपणे सांगावे, साध्या शब्दांत मांडावा आणि तेथेच थांबावे. तोच प्रसंग लेखात तीनदा आला तर त्या मुलीच्या दुःखाचे पुन्हा प्रदर्शन होते. आजाराबाबत आणखी जपावे. १९७० मध्ये दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार स्वीकारताना ड्यूक यांचे भाषण विस्कळीत झाले आणि त्या नशेत असल्याची कुजबूज झाली. निदान १९८२ साली झाले: आज ज्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात आणि त्या वेळी मॅनिक डिप्रेशन म्हणत, तो आजार. लेखात दोन्ही वर्षे आपापल्या जागी यावीत. १९७० च्या परिच्छेदात लोकांना काय वाटले ते आणि तेव्हा कोणालाच, त्यांना स्वतःलाही, कारण ठाऊक नव्हते हे लिहावे. ‘वेडाचे झटके’ यांसारखे शब्द वापरू नयेत, आणि जेथे निदान जाहीर झालेले नाही तेथे लेखकाने स्वतः ते करू नये. निदानानंतर त्यांनी या आजाराविषयी उघडपणे बोलायला सुरुवात केली आणि मरेपर्यंत ते काम सोडले नाही. त्याला लेखात पुरस्कारांइतकीच जागा मिळावी.

‘माजी’ हा शब्दही तपासून घ्यावा. किशोरवयातच गाजलेल्या गायिका-अभिनेत्री डियाना डर्बिन यांनी विशीतच चित्रपट सोडले आणि फ्रान्समध्ये प्रसिद्धीपासून दूर आयुष्य काढले. शर्ली टेंपल पुढे घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेच्या राजदूत झाल्या. ड्यूक यांचे मात्र फक्त किशोरवय संपले, काम संपले नाही. १९७९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी हेलनची कथा पुन्हा चित्रित झाली, तेव्हा हेलन मेलिसा गिल्बर्ट झाल्या, शिक्षिका ड्यूक झाल्या आणि त्यासाठी त्यांना एमी मिळाले. १९८५ ते १९८८ या काळात त्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या अमेरिकी अभिनेत्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. २९ मार्च २०१६ रोजी आयडाहोतील कोर दलेन येथे, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. निधनाची नोंद एका वाक्यात करावी.

लेख पूर्ण झाल्यावर तो दोन रकान्यांचा कागद पुन्हा समोर घ्यावा आणि वय अठराच्या आतील प्रत्येक वाक्याचे क्रियापद तपासावे. ‘त्यांनी पॅटी हे नाव धारण केले’, ‘त्यांनी मालिका स्वीकारली’, ‘त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काम करणे पसंत केले’ अशी वाक्ये लिहिताना हातून सहज निसटतात, आणि वाचताना निरुपद्रवी वाटतात. प्रत्येक ठिकाणी खरा कर्ता कोण होता ते शोधावे आणि वाक्य बदलावे: रॉस दांपत्याने त्यांचे नाव पॅटी ठेवले.