पडद्यावरची बंदूक : शूटिंगआधी या चुका टाळा

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. युद्धाचा सिनेमा लागला की त्यांची नजर आधी जवानाच्या हातांवर जाते. एकदा १९६२ च्या चीन युद्धाच्या प्रसंगात एक जवान थ्री-नॉट-थ्री रायफलमधून धडाधड गोळ्या झाडत होता, बोल्टला, म्हणजे गोळी नळीत सरकवणाऱ्या खिटीला, हातही न लावता. मामा उठून ओसरीवर जाऊन बसले. म्हणाले, "आमच्या आधीच्या पोरांनी एकेका गोळीसाठी बोल्ट ओढलाय रे."

शॉर्टफिल्म, वेबसिरीज करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. सातारा-कोल्हापूरकडे घरटी फौजी असलेली गावं आहेत. तुमचा प्रेक्षक तिथेही बसलाय.

थ्री-नॉट-थ्रीच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. बार निघाला की बोल्टची मूठ वर, मागे. रिकामं काडतूस बाहेर. मूठ पुन्हा पुढे, खाली. त्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही. दहा संपल्या की पाच-पाचच्या दोन क्लिपा अंगठ्याने दाबून भरायच्या. लडाखच्या थंडीत, बोटं बधिर झालेली असताना! समोर चिन्यांकडे मात्र चाप दाबला की दर वेळी गोळी सुटणाऱ्या रायफली होत्या. आपल्याकडे तशी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) सर्रास आली ती त्या युद्धानंतर. लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत आपले जवान कशाच्या जोरावर लढले, हे त्या बोल्टच्या आवाजातूनच कळतं. तो गाळला की प्रसंगातला जीव जातो.

शिवकाळावर काही करत असाल तर तोड्याची बंदूक नीट समजून घ्या. तिला पेटती वात लागते. चाप ओढला की वात बंदुकीच्या कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या खळग्यातल्या, दारूवर टेकते आणि बार उडतो. मग नळी पुन्हा दारू-गोळी घालून गजाने ठासायची. म्हणजे एका माणसाने लागोपाठ तीन बार काढणं अशक्य. शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते जुलै १६६० मध्ये, भर पावसात. भिजलेली वात आणि ओली दारू काय कामाची? तिथे झाडाआड लपलेल्या शिपायाची बंदूक फटाफट वाजवू नका. कोरड्या रात्रीच्या प्रसंगात वातीचा लाल ठिपका दाखवा. तो ठिपकाच दबा धरलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगतो.

आजच्या पिस्तुलाच्या चुका छोट्या, पण हमखास होणाऱ्या. गोळ्या संपल्यावर नट चाप दाबत राहतो आणि 'खट-खट' ऐकू येतं. बहुतेक पिस्तुलांत शेवटच्या गोळीनंतर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागेच अडकून राहते. तेच दाखवा, संवाद लागत नाही. 'खट-खट' रिव्हॉल्व्हरला शोभते. धमकी देताना दर वेळी स्लाइड ओढायचीही गरज नसते. आत गोळी असेल तर ती बाहेर पडते. ग्लॉक पिस्तुलाला तर मागे ओढायचा घोडा (हॅमर) बाहेर दिसतच नाही, तरी पडद्यावर त्याचा आवाज येतो. हा आवाज एडिटिंगमध्ये घुसतो, म्हणून साउंड करणाऱ्याला हत्याराचं नाव लिहून द्या.

सायलेन्सर लावला की 'फुस्स' एवढाच आवाज, हाही गैरसमज. बार साधारण १६० डेसिबलचा. सायलेन्सरने त्यातले वीस ते पस्तीस कमी होतात. शेजारच्या खोलीतला माणूस दचकून उठणारच. एके-४७ चा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या, मॅगझिन तीसचं. चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत सगळं रिकामं. पटकथेतच गोळ्या मोजा.

सगळ्यात घातक चूक सेटवर होते. ब्लँक म्हणजे नुसत्या बारूदाचं काडतूस. त्यात गोळी नसते, पण तापलेला वायू आणि दाब असतो. १९८४ मध्ये अमेरिकी नट जॉन-एरिक हेक्सम याने ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला आणि तो जिवाला मुकला. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका सेटवर रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटून छायालेखिका हॅलिना हचिन्स गेल्या. छोट्या युनिटने ब्लँकच्या वाटेला जाऊच नये. रबरी किंवा लाकडी हत्यार घ्या, जाळ आणि धूर एडिटिंगमध्ये टाका.

आणि तालमीला एखादा निवृत्त फौजी बोलवा. आमच्या एकांकिकेच्या वेळी मामा आले होते. लाकडी रायफल धरलेल्या मुलाचं चापावरचं बोट त्यांनी हलकेच उचलून बाहेर सरळ ठेवलं. तेवढ्याने तो मुलगा जवान दिसू लागला.